घट्ट चेंबरच्या रायफलसाठी पुंगळीची मान तासणे

बॅरलवर चेंबरच्या जवळ ‘०.२६२ नेक’ असा काहीतरी आकडा कोरलेला दिसला, तर त्या रायफलीत कारखान्याचं तयार काडतूस घालायचं नाही. बोल्ट जोर लावून बंद होत असला, तरीही नाही. ही रायफल एका ठरावीक जाडीच्या मानेसाठी बनवलेली असते. ती मान पुंगळीला आपण द्यायची असते, चाकूने पेन्सिल तासावी तशी, फक्त इंचाच्या दहा-हजारांशाच्या हिशेबात.

शब्द आधी ठरवून घेऊ. पुंगळी म्हणजे काडतुसाचं रिकामं पितळी आवरण. मान म्हणजे तिचा गोळी धरणारा अरुंद भाग. मान जिथे रुंद होत जाते तो खांदा. गोळी म्हणजे फक्त बॅरलमधून बाहेर जाणारा तुकडा, अख्खं काडतूस नव्हे. चेंबर म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाची, काडतूस बसतं ती जागा, आणि बोल्ट म्हणजे ती मागून बंद करणारा दांडा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण २५ मायक्रॉन. त्याचा दहावा भाग म्हणजे एक दशांश, अडीच मायक्रॉन. या कामातली निम्मी भांडणं दशांशांची असतात.

घट्ट चेंबर कशासाठी, हेही थोडक्यात. कारखान्याच्या रायफलीत काडतुसाची मान आणि चेंबरची मान यांत बऱ्याचदा पाच-सहा थाऊ किंवा त्याहून जास्त जागा मोकळी असते, कारण कुठल्याही कंपनीचं काडतूस आत जायला हवं. बेंचरेस्टवाले, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून अचूक नेमबाजी करणारे, ही जागा एक-दोन थाऊंवर आणतात. त्यामुळे गोळी बॅरलच्या मध्यरेषेत राहते आणि दर वेळी मान कमी फुगत असल्याने पितळ जास्त टिकतं. याचं जुनं, ठळक उदाहरण म्हणजे ६ पीपीसी. लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी १९७० च्या दशकात .२२० रशियनच्या पुंगळीवरून ते काडतूस घडवलं आणि ०.२६२ इंचाची मान त्याच्या चेंबरची जवळजवळ ओळखच झाली. गोळी ०.२४३ इंच, म्हणजे ‘सहा मिलिमीटर’ म्हणतात ती. पुंगळीची भिंत न तासता साडेबारा थाऊ धरली, तर गोळी बसवल्यावर मान ०.२६८ भरते. ०.२६२ च्या भोकात ०.२६८ जात नाही, हे सांगायला नको.

धोका आहे तो अर्धवट जाणाऱ्या काडतुसात. बार उडाला की मान आधी बाहेर फुगते आणि गोळीवरची पकड सोडते. फुगायला जागाच नसेल तर गोळी चिमट्यात अडकल्यासारखी राहते आणि दाब भलताच वाढतो. म्हणून आकडेमोड चेंबरपासून सुरू करून मागे यायचं. पुंगळीकडे बघून ‘एवढी जाडी छान दिसते’ असं ठरवायचं नाही.

चेंबरचा खरा आकडा

बॅरलवर कोरलेला आकडा हा रीमरचा, म्हणजे चेंबर कोरणाऱ्या हत्याराचा, आकडा असतो. रीमरचं ड्रॉइंग मिळालं तर ते जपून ठेवावं, कारण त्यात मानेचा व्यास, मानेची लांबी आणि खांद्याचा कोन, तिन्ही असतात. कोरीव आकडा नसेल, किंवा रायफल दुसऱ्या हातून आली असेल, तर चेंबरचा साचा घ्यावा. त्यासाठी सेरोसेफ नावाचा कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू वापरतात. तो ७० ते ८८ अंश सेल्सियसच्या दरम्यान वितळतो. ओतल्यावर पहिल्या अर्ध्या तासात तो आकसतो, मग हळूहळू फुगू लागतो, आणि ओतल्यापासून साधारण तासाभराने चेंबरच्या मापावर येतो. त्याच वेळी मोजायचं. दुसऱ्या दिवशी मोजलेला साचा मोठा आकडा सांगतो, आणि मोठ्या आकड्यावर विसंबलं की मान जाड राहते. चूक नेमकी धोक्याच्या बाजूला होते.

किती तासायचं

सूत्र सोपं आहे. चेंबरच्या मानेच्या व्यासातून हवी ती मोकळीक वजा करा, त्यातून गोळीचा व्यास वजा करा, उरलेल्याला दोनने भागा. येईल ती एका बाजूच्या भिंतीची जाडी.

गोळीचा व्यास मात्र डबीवरचा धरू नका, मोजा. बेंचरेस्टच्या सपाट बुडाच्या गोळ्यांना बुडाजवळ एक किंचित फुगीर कडं असतं, दोन ते पाच दशांश जास्त. गोळी मानेत बसते तेव्हा ते कडं बहुतेक वेळा मानेतच असतं, म्हणून हिशेब त्याचा. समजा कड्यावर ०.२४३२ भरली. चेंबर ०.२६२०, मोकळीक दोन थाऊ. ०.२६०० उरले, त्यातून ०.२४३२ गेले, उरले ०.०१६८, त्याचं निम्मं ०.००८४. साडेआठ थाऊला जेमतेम कमी. हे लक्ष्य.

इथे सर्रास एक घोटाळा होतो. मोकळीक म्हणजे एकूण मोकळीक, दोन्ही बाजू मिळून. दोन थाऊ मोकळीक म्हणजे मानेभोवती प्रत्येक बाजूला एक थाऊ. उलट, भिंतीवरून एक थाऊ तासला की व्यासातून दोन जातात. हे दोन नियम डोक्यात उलटसुलट झाले की कुणी मान चार थाऊंनी ढिली करून बसतो, तर कुणी चेंबरमध्ये अडकणारी काडतुसं तयार करतो.

किती मोकळीक ठेवावी यावर वाद घालणारे पुष्कळ. आमचं मत असं: पहिल्यांदा करत असाल तर दोन थाऊंच्या खाली जाऊ नका. एक थाऊवर काम करणारे लोक आहेत, पण त्यांचे मायक्रोमीटर, त्यांचं मोजणं आणि त्यांची स्वच्छता त्या पातळीची असते. बारूदाची काजळी किंवा वाळूचा एक कण मानेवर राहिला तर एक थाऊ संपतो. ज्या रायफलीची मान मुळात इतकी घट्ट नाही, तिथे तीन थाऊ ठेवून कुणाचं काही बिघडत नाही. दुसऱ्या टोकाला, सहा मिलिमीटरच्या गोळीसाठी भिंत आठ थाऊंच्या खाली गेली की पकड कमी पडू लागते आणि माना लवकर चिरतात.

पुंगळ्या तयार करणे

एकाच लॉटच्या, नव्या पुंगळ्या घ्या, आणि हव्या त्यापेक्षा निदान दहा टक्के जास्त. प्रायमर (बुडातली, ठिणगी देणारी टोपी) बसवलेली पुंगळी या कामाला घ्यायचीच नाही. रिकामी, प्रायमरची जागा मोकळी, आत काही नाही, एवढीच पुंगळी टेबलावर हवी.

आधी भिंत मोजून छाटणी करा. एका पुंगळीच्या मानेभोवती चार ठिकाणी मोजल्यावर फरक एक थाऊच्या आत असेल तर ती उत्तम. दीड-दोन थाऊंच्या वर असेल तर ती बाजूला काढा. ‘तासल्यावर सारखी होईलच की’ हा विचार फसवा आहे. मान सारखी होते, पण जाड-पातळ भिंत मानेपाशी संपत नाही, ती खाली धडापर्यंत गेलेली असते. अशी पुंगळी बार उडाल्यावर एका बाजूला वाकते, केळ्यासारखी. तिचा काही उपाय नाही.

मग पूर्ण लांबीच्या डायमधून, म्हणजे पुंगळीला दाबून मापात आणणाऱ्या साच्यातून, काढा. याला साइझिंग म्हणतात. तोंडाला वाहतुकीत पडलेले पोचे त्यात निघतात. नंतर सगळ्या पुंगळ्या एकाच लांबीला कापा. हे टाळू नका, कारण बऱ्याच टूल्समध्ये पुंगळीचं तोंड मँड्रेलच्या (मानेच्या आत जाणाऱ्या गोल दांड्याच्या) थांब्याला टेकतं आणि त्यावरून कटर खांद्यापर्यंत किती जाणार हे ठरतं. एक पुंगळी पाच थाऊ लांब असली की तिच्या खांद्याजवळ पाच थाऊ पितळ तसंच राहणार. लांबीचं दुसरंही कारण आहे. घट्ट चेंबरमध्ये मानेची जागा लांबीलाही तोकडी असू शकते. तोंड पुढे जाऊन टेकलं तर ते गोळीवर दाबलं जातं, आणि परिणाम तोच, दाब वाढतो.

कापल्यावर तोंडाची आतली-बाहेरची बर (कापताना उठलेली खरखरीत कड) काढा. आतून हलकंच. धारदार पातळ कड केली तर मँड्रेलवर चढताना ती दुमडते.

आधी आतली बाजू

मान तासण्याचं टूल बाहेरचा पृष्ठभाग कशाच्या आधाराने कापतं? आतल्या मँड्रेलच्या. कटर आणि मँड्रेल यांच्यातलं अंतर म्हणजे भिंतीची जाडी. म्हणजे आतलं भोक वाकडं, अंडाकृती किंवा ढिलं असेल तर बाहेरचं कापणं कितीही चकचकीत दिसो, ते चुकीचं आहे. या अख्ख्या कामात वेळ घालवायची जागा हीच.

दोन मँड्रेल लागतात. एक मान रुंद करण्याचा, दुसरा टूलमधला, तासण्याचा. पहिला दुसऱ्यापेक्षा साधारण एक थाऊ जाड असतो. नेहमीची पद्धत अशी की रुंद करण्याचा मँड्रेल गोळीच्या व्यासापेक्षा एक थाऊ कमी आणि तासण्याचा दोन थाऊ कमी. सहा मिलिमीटरसाठी ०.२४२ आणि ०.२४१. पितळाला स्प्रिंगचा गुण असल्याने ०.२४२ चा मँड्रेल काढून घेतल्यावर मान थोडी मागे आकसते आणि ०.२४१ वर नेमकी बसते. दोन वेगळ्या कंपन्यांचे मँड्रेल एकत्र वापरत असाल तर दोन्ही मोजून घ्या. त्यांची माप ठरवण्याची पद्धत एकच असेल असं नाही.

योग्य बसणं हाताला कळतं. तेलाचा हात दिलेल्या मँड्रेलवर पुंगळी बोटांच्या दाबाने सरकली पाहिजे, डगडगता कामा नये, आणि घट्ट रेटावीही लागू नये. ढिली असेल तर कटर मानेला एका बाजूला ढकलतो आणि जाडी फिरत राहते. घट्ट असेल तर घर्षणाने तापते, पितळ पोलादाला चिकटू लागतं आणि मँड्रेलवर पिवळट ओरखडे दिसतात. तसे दिसले की थांबून मँड्रेल पॉलिश करायचा. त्यावरून पुढची पुंगळी गेली की आतून चरे पडतात. कार्बाइडच्या मँड्रेलला पितळ फार कमी चिकटतं, म्हणून जमलं तर तोच घ्यावा.

पन्नास पुंगळ्या रात्री रुंद करून सकाळी तासायला बसू नका. पितळ वेळेबरोबर आणखी थोडं आकसतं, आणि सकाळच्या पुंगळ्या मँड्रेलवर वेगवेगळ्या ओढीने चढतात. एक रुंद करा, एक तासा.

टूल लावणे

कटरच्या पुढच्या कडेचा कोन खांद्याच्या कोनाशी जुळला पाहिजे. ६ पीपीसी, ६ बीआर आणि ६.५ क्रीडमूर या काडतुसांचा खांदा ३० अंशांचा, .३०८ विंचेस्टरचा २०, अ‍ॅक्ली इम्प्रूव्ह्ड प्रकारांचा ४०. वीस अंशांच्या कटरने तीस अंशांचा खांदा गाठायला गेलात तर एक तर मानेच्या मुळाशी जाड पट्टा राहतो, नाहीतर खांद्यात खाच पडते.

कटर आणि मँड्रेल यांच्यामधलं पहिलं अंतर फीलर गेजच्या (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापाच्या) पात्याने अंदाजे लावा, लक्ष्यापेक्षा दोन-तीन थाऊ जास्त. खराब पुंगळ्या इथे कामी येतात. त्याच लॉटमधल्या पाच-सहा बळीच्या बकऱ्या बाजूला काढा, टूल त्यांच्यावर लावा. एक तासा, गार होऊ द्या, मोजा, स्क्रू किंचित फिरवा, पुन्हा. टूलवरच्या डायलवर जे लिहिलंय त्याच्यावर विश्वास ठेवू नका. काहींचा डायल भिंत दाखवतो, काहींचा व्यास, आणि दोन्ही बाबतींत तो फक्त पुन्हा त्याच जागी येण्यासाठी आहे. निकाल मायक्रोमीटरचा.

मोजायला बॉल मायक्रोमीटर हवा, म्हणजे ज्याचा स्थिर आधार गोल आहे, आणि तो दशांशापर्यंत वाचणारा हवा. सपाट तोंडाचा मायक्रोमीटर मानेच्या आतल्या वळणावर दोन कडांवर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो. व्हर्नियर कॅलिपरचं तर नावच काढू नका. त्याची स्वतःची चूक एक थाऊची असते, आणि आपण तीन-चार दशांशांसाठी झगडतोय. मोजण्याआधी शून्य तपासा, रॅचेटनेच बंद करा आणि तोंडाजवळच्या बरीपासून दोन मिलिमीटर आत मोजा.

कापणे

पुंगळीचं बूड पकडणारा होल्डर हलक्या पॉवर स्क्रूड्रायव्हरला लावा. वेग मिनिटाला दीडशे-दोनशे फेऱ्यांच्या आसपास. वेगाने फिरणारं ड्रिल मशीन चालत नाही. टूल दुसऱ्या हातात धरा, घट्ट आवळून नव्हे, सैलसर. पुंगळी आणि मँड्रेल स्वतःच एका रेषेत येतात. दोन्ही बाजू घट्ट जखडल्या तर ती रेष आपण जबरदस्तीने वाकवतो. मानेच्या आत आणि मँड्रेलवर साइझिंग वॅक्सचं किंवा चांगल्या तेलाचं बोट फिरवा. दर पुंगळीला, विसरायचं नाही.

पुंगळी मँड्रेलवर हळू सरकवा. सात-आठ मिलिमीटरची मान ओलांडायला पंधरा-वीस सेकंद लागले तर वेग बरोबर आहे. घाई केली की मानेवर स्क्रूच्या आट्यांसारखी रेघ उमटते. ती दिसायला वाईट आहेच, पण खरा त्रास असा की आट्यांच्या माथ्यांवर मोजलेली जाडी खोट्या आकड्याला बरोबर ठरवते. खांद्याशी पोचल्यावर दोन-तीन फेरे तिथेच थांबा आणि मग फिरत असतानाच पुंगळी मागे घ्या. फिरणं थांबवून ओढली की कटरची उभी रेघ पडते.

तीन-चार थाऊ काढायचे असतील तर एका फटक्यात काढू नका. जाड कापात मान तापते, कटर खाली दबतो आणि पुंगळी वाकते. दोन टप्पे करा. पहिल्यात बहुतेक सगळं काढून लक्ष्यापेक्षा अर्धा थाऊ जाड ठेवा. सगळ्या पुंगळ्या तशा करून घ्या. मग टूल नीट लावून शेवटचा अर्धा थाऊ. शेवटचा काप जितका हलका तितक्या माना एकमेकींशी जुळतात, कारण कटरवर दर वेळी सारखाच भार येतो. यासाठी दोन टूल ठेवणारे लोक उगाच पैसे घालवत नाहीत.

उष्णतेचा हिशेब करून बघा. सहा मिलिमीटर जाडीचा पोलादी मँड्रेल वीस अंशांनी तापला तर व्यासात सुमारे दीड मायक्रॉन वाढतो. ऐकायला क्षुल्लक, पण आपला एक दशांशच अडीच मायक्रॉनचा आहे. त्यात पुंगळी फुगते ती वेगळी, टूलचं धड तापून कटर सरकतो तो वेगळा. कार्बाइड पोलादाच्या जवळजवळ निम्म्यानेच वाढतो. हाताला टूल कोमट लागलं की बाजूला ठेवा. चार-पाच पुंगळ्या झाल्या की एक गार करून मोजायची सवय लावा. बसल्या बैठकीत पन्नास उरकायच्या असा निश्चय केला की दहाव्या पुंगळीपासून जाडी सरकायला लागते आणि ते चाळिसाव्या पुंगळीला कळतं.

कटरजवळ साचलेले पितळाचे केस ब्रशने काढत राहा. एखादा केस मँड्रेल आणि मानेच्या मध्ये गेला तर तिथे भिंत त्याच्या जाडीइतकी जास्त कापली जाते.

खांद्यापर्यंत किती

कटर मानेच्या मुळापर्यंत जाऊन खांद्याला फक्त घासला पाहिजे. खांद्याच्या सुरुवातीला साधारण अर्धा मिलिमीटर रुंदीचं चमकदार वलय दिसलं, की पुरे. त्याआधीच थांबलात तर मुळाशी जाड पितळाचं वलय राहतं. पुढच्या साइझिंगला बाहेरून सारखं केलं जाताना ते आत ढकललं जातं आणि मानेच्या आत मुळाशी एक कडं तयार होतं. बेंचरेस्टवाले त्याला डोनट म्हणतात. गोळीचं बूड त्या कड्यात अडकलं की पकड दर काडतुसाला वेगळी होते.

उलट, फार खोल गेलात तर मान आणि खांदा यांच्या जोडावर खाच पडते. बार उडाल्यावर मान तिथूनच तुटून चेंबरमध्ये राहू शकते. दोन्हींत निवड करायची वेळ आली, तर डोनटचा उपाय नंतर करता येतो, तुटलेल्या मानेचा नाही.

.२२० रशियनसारखी पुंगळी पहिल्या बारात नवा आकार घेते, तेव्हा खांदा आणि मानेचा जोड सरकतो. अशा पुंगळीचा पहिला काप चेंबरमध्ये जाण्यापुरता घ्यावा, आकार आल्यावर लांबी पुन्हा सारखी करून शेवटचा काप घ्यावा. आधीच लक्ष्याला आणलेली मान आकार घेताना जिथे जोड तयार होतो तिथे जाड राहिलेली आढळते.

डमी बनवून तपासणे

भिंतीचा आकडा बरोबर आला म्हणजे काम झालं नाही. तासलेल्या दोन-तीन पुंगळ्यांत गोळ्या बसवा. बारूद नाही, प्रायमर नाही. मानेचा बाहेरचा व्यास सपाट तोंडाच्या मायक्रोमीटरने मोजा: तोंडाजवळ, मध्ये, आणि गोळीच्या बुडाचं कडं जिथे आहे तिथे. वरच्या उदाहरणात कड्यावर ०.२६०० यायला हवं. जास्त आलं तर भिंत नाही, गोळी किंवा मोजणं चुकलं असेल. आधी ते शोधा, मगच टूलला हात लावा.

मग मानेला काळ्या मार्करने रंगवून डमी चेंबरमध्ये घालायची. बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर काढून ठेवला तर हाताला खरं कळतं. मोकळा बोल्ट स्वतःच्या वजनाने खाली यायला हवा. अडला तर मार्कर कुठे खरवडला ते बघा. मानेभोवती सगळीकडे पुसला असेल तर मान जाड, एकाच बाजूला पुसला असेल तर वाकडी, फक्त तोंडाशी पुसला असेल तर पुंगळी लांब, आणि मुळाशी पुसला असेल तर कटर खांद्यापर्यंत पोचलेला नाही. पुढे पहिल्या बारानंतर बाहेर आलेल्या पुंगळीत त्याच डबीतली नवी गोळी बोटांनी आत सोडून बघायची. ती सहज घसरत गेली पाहिजे. न गेली तर त्या लॉटमधलं एकही काडतूस पुढे वापरू नका.

साफसफाई, आणि त्यानंतरची कामं

बाहेरून चार-शून्य दर्जाचं स्टील वूल फिरत्या मानेवर सेकंदभर टेकवा. कटरच्या रेघांचे माथे जातात, भिंत कमी होत नाही. चकाकी हवी म्हणून घासत बसलात तर दशांशाचं गणित त्यात जातं. आतून नायलॉन ब्रश, मग तेल आणि पितळाचे केस पूर्ण धुवून वाळवा. आत वॅक्स राहिलेल्या पुंगळीत बारूद पडला की तो चिकटतो.

तासलेल्या मानेसाठी साइझिंग डायमधलं बुशिंग, म्हणजे मान दाबणारी सुटी रिंग, बदलावं लागतं. इथे लोक हटकून विसरतात. बुशिंगचं माप म्हणजे गोळी बसवलेल्या मानेचा व्यास, त्यातून दोन-तीन थाऊ कमी. ०.२६० ची मान असेल तर ०.२५८ किंवा ०.२५७. जुन्या जाड मानेचं बुशिंग तसंच राहिलं तर ते पातळ मानेला शिवतही नाही आणि गोळी मानेत ढिली राहते.

मान एकदा तासली की कायमची झाली, असंही नाही. प्रत्येक बारात पितळ थोडं पुढे वाहत येतं आणि मानेच्या मुळाशी साचतं. चार-पाच बारांनंतर दहा पुंगळ्या बॉल मायक्रोमीटरने पुन्हा मोजा, विशेषतः मुळाजवळ. जाडी अर्ध्या थाऊने वाढलेली दिसली तर टूल मूळ आकड्यावर लावून एक हलका काप पुरतो. मुळाशी डोनट आतून झाला असेल तर आधी मान रुंद करण्याच्या मँड्रेलने ते कडं बाहेर ढकला, मग बाहेरून कापा. गोळीचं बूड कड्याच्या वरच राहत असेल तर त्याला हात लावायचीही गरज नाही. मानेला अनीलिंग केलं (तापवून पितळ मऊ केलं) असेल तर पितळाची स्प्रिंग बदलते, म्हणून अनीलिंगनंतरच्या पहिल्या पुंगळ्या मँड्रेलवर कशा चढतात हे बघून मगच बाकीच्या घ्या.

तासलेल्या पुंगळ्यांच्या डब्यावर चेंबरचा आकडा, भिंतीची जाडी, मोकळीक, गोळीचा मोजलेला व्यास आणि बुशिंगचं माप लिहून ठेवा. ०.२६२ च्या पुंगळ्या सैल चेंबरच्या दुसऱ्या रायफलीत गेल्या तर माना गरजेपेक्षा जास्त फुगून लवकर चिरतात. त्या रायफलीच्या पुंगळ्या चुकून इकडे आल्या तर बोल्ट अर्ध्यातच अडतो, आणि तिथे जोर लावणारा हात थांबवायला डब्यावरचा आकडाच असतो.